खडूचं दार

"माझं नाव कुठं आहे, मास्तर?"

शाल्मलीनं हँडबिल मास्तरांच्या पुढ्यात आपटलं. कागद तो, त्याचा आवाज कितीसा होणार? म्हणून तिनं वरून तळहातही आपटला.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. पिवळ्या कागदावर निळी अक्षरं होती. शाई अजून ओली होती, ती त्यांच्या अंगठ्याला लागली.

"आहे की. गृहिणी, शाल्मली चौगुले."

"ते नाही. वर बघा. लेखन."

मास्तरांनी वर बघितलं. तिथं छापलं होतं, 'लेखन : आम्ही सगळे'.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"बरोबर?"

कॅन्टीनभर तो शब्द घुमला. बंद पडलेल्या सूतगिरणीचं कॅन्टीन ते. टेबलं केव्हाच कुणीतरी उचलून नेली होती. उरली होती चार-दोन बाकं, काही स्टुलं आणि भलीमोठी फरशी. त्या फरशीवर दत्तोबा मास्तर गावातल्या पोरांना नाटक शिकवायचे. उद्या संध्याकाळी नगरपालिकेच्या सभागृहात पोरांच्या पहिल्यावहिल्या नाटकाचा प्रयोग होता आणि आज शेवटची तालीम.

"बरोबर कसं असेल?" शाल्मली म्हणाली. "हे सगळे इथं नुसते बडबडत होते. घरी जाऊन लिहीत कोण होतं? मी. खोडत कोण होतं? मी. मग 'आम्ही सगळे' कुठून आले?"

"नुसते बडबडत होते?" मागून प्रज्योत म्हणाला. नाटकात तो तिचा नवरा होता, आणि नाटकाबाहेर त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं. "ऐका हो, ऐका. लेखिकाबाई बोलतायत."

"तू गप रे."

"गप बसतो. पण गप बसायचं वाक्य तू लिहून दिलं नाहीस मला."

दोघं-तिघं हसली. शाल्मलीचे कान तापले.

फिरदौस मात्र हसली नाही. नाटकात ती शेजारीण होती. ती पुढं आली आणि हळूच म्हणाली, "शालू, माझ्या बऱ्याच गोष्टी आहेत गं त्यात. माझ्या घरातल्या. तू फक्त उतरवून घेतल्यास."

"फक्त?" शाल्मली गर्रकन वळली. "तू काय म्हणाली होतीस आठवतंय? 'पाणी आलं.' एवढंच. मी काय लिहिलं? 'पाण्याला पत्ता विचारावा लागत नाही.' आता सांग, कुणाचं वाक्य?"

फिरदौसचा चेहरा पडला.

"पण पाणी आमच्याच घरात आलं होतं ना," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

शाल्मलीला क्षणभर वाईट वाटलं. पण राग म्हणजे चुलीवरचं दूध. एकदा वर आलं की फुंकर मारून कुठं खाली बसतं?

"मास्तर, पप्पांनी सांगितलंय. पुण्याला नाटक शिकायला जायचं असेल तर तुझं स्वतःचं काय आहे ते दाखव. उद्या ते येणार आहेत. पहिल्यांदा येणार आहेत. हे हँडबिल खिशात घालून घरी नेणार आहेत. त्यात मी कोण? गृहिणी! ती तर मी घरीही आहेच. रोज भाकऱ्या थापते."

मास्तर अंगठ्यावरची शाई बघत राहिले.

"बोला की."

"यात तुझं काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"सगळं."

"मग घेऊन जा."

...

"काय?"

"तुझं आहे ना? घेऊन जा. मागं राहील ते आम्ही उद्या करू."

"मास्तर!" प्रज्योत ओरडला. "उद्या प्रयोग आहे. माझी आत्या जयसिंगपुरातनं येणार आहे. ती काय रिकामा रंगमंच बघणार?"

"चला," मास्तर म्हणाले. "जागेवर. पहिल्यापासून. शाल्मली, तू तुझ्या जागेवर बस. तुझं जे जे येईल त्याला 'माझं' म्हण. ते नाटकातून निघेल."

मास्तरांच्या तालमीचे दोन रिवाज होते. पहिला, तालमीत कागद आणायचा नाही. ज्याच्या अंगात जे आहे ते त्यानं आणायचं. दुसरा, फरशीवर खडूनं घर आखायचं, आणि एकदा आखलेल्या भिंतीतून कुणी चालायचं नाही. जायचं-यायचं ते दारातूनच. कुणी चुकून भिंतीतून गेलं तर सगळी तालीम थांबायची. मागं एकदा एक नगरसेवक कसलंसं आमंत्रण द्यायला आले आणि थेट स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत शिरले. मास्तरांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं होतं आणि दारातून यायला लावलं होतं.

खरं तर नाटकाची सुरुवातही अशीच, कागदाशिवाय झाली होती. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "तोंड न उघडता काहीतरी दाखवा. खोटं नको." कुणी गाय धुतली, कुणी बस पकडली. शाल्मलीची पाळी आली तेव्हा ती स्टुलावर जाऊन बसली. तेव्हा ती लाजाळू होती, तिला काही सुचेना. ती नुसती फरशीकडे बघत राहिली. बघता बघता तिनं एक पाय वर घेतला. मग दुसरा. मग गुडघे छातीशी धरले आणि पुन्हा फरशीकडे बघितलं... मागच्या बाकावर कुणीतरी आपलेही पाय वर घेतले. पंचगंगेच्या काठचं गाव ते. कुणालाच काही सांगावं लागलं नाही. नाटक पुराचं होणार हे तिथंच ठरलं.

मग एकेकानं एकेक आणलं. भांडणारी दोन शेजारघरं आली. मधल्या भिंतीचं भांडण आलं. पूर चढतो, शेजारीण दार ठोठावते, आणि गृहिणी जुन्या रागापायी कडी काढत नाही, हे आलं.

दार फिरदौसनं आणलं. आधी ती खडूच्या रेघेतली नुसती मोकळी जागा होती. पहिल्यांदा त्यातून बाहेर पडताना फिरदौस थांबली. तिनं दाराला गुडघा टेकला, खांद्यानं ते वर उचललं आणि मग वरची कडी सरकवली. "आमचं दार असंच आहे," ती म्हणाली होती. "पुरात फुगलं ते फुगलंच." त्या दिवसापासून सगळेच ते दार गुडघ्यानं उघडू लागले.

तालीम सुरू झाली. शाल्मली घराच्या आत, मागच्या भिंतीपाशी तिच्या बाकावर बसली. पण आज ती गृहिणी नव्हती. आज ती राखण करत होती.

प्रज्योत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ही भिंत माझ्या बापानं..."

"माझं."

प्रज्योतनं तोंड मिटलं.

"माणसं आटतात, वैर आटत नाही..." दुसऱ्यानं सुरू केलं.

"माझं."

"नदीला काय, तिला..."

"माझं."

"श्वास घेऊ का?" प्रज्योतनं विचारलं. "का तोही तुझाच?"

"तो तुझ्याकडेच ठेव. तुला पुरतो तेवढा."

"वा! हे वाक्य नाटकात घालायला हवं होतं."

"घालणार नाही. माझं आहे."

सुरुवातीला तिला बरं वाटत होतं. प्रत्येक 'माझं'बरोबर समोरचं एक तोंड बंद होत होतं. घ्या, म्हणावं. नुसते बडबडणारे ना तुम्ही? आता बडबडा.

थोड्याच वेळात घरात एकही वाक्य उरलं नाही.

ती वाट बघत राहिली. आता हे थांबतील. आता मास्तर म्हणतील, बघा रे, हिच्याशिवाय काही होत नाही.

कुणी थांबलं नाही.

प्रज्योतनं मुकाट्यानं धान्याचा डबा उचलून फळीवर ठेवला. दुसऱ्यानं देव उतरवून पंच्यात बांधले. पाणी उंबऱ्याच्या आत आलं तसे सगळे स्टुलांवर चढून बसले आणि त्यांनी पाय वर घेतले. कुणी बोलत नव्हतं. फरशी कोरडी ठाक होती, पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावर अशा खिळल्या होत्या, की शाल्मलीला तळपायाला गार लागलं.

तिला अजून राग आला. ज्याला शब्दच नाही त्याला 'माझं' कसं म्हणायचं?

मग फिरदौस आली. ती खडूच्या रेघेबाहेर उभी राहिली आणि तिनं हवेत थाप मारली. प्रज्योतनं स्टुलावर बोटांनी आवाज दिला.

ठक. ठक.

इथं गृहिणीनं उठायचं असतं. आधी उठायचं नाही, आणि मग उठायचं.

शाल्मली उठली नाही.

ठक. ठक. ठक.

"उघड की," प्रज्योत पुटपुटला.

"नाही उघडत."

"अगं, ती बुडेल."

"बुडू दे. ते नाटकात. आज नाटक नाही."

फिरदौसचा हात थांबला नाही. थाप मारायची, थोडं थांबायचं, पुन्हा मारायची. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती रागावली होती का रडत होती, ते आतून कळत नव्हतं. आणि मास्तर! ते भिंतीबाहेर आपल्या स्टुलावर बसून हँडबिलाची शाई अंगठ्यावरून पुसत होते. जणू त्यांना याच्याशी काही देणंघेणंच नाही.

ते बघून शाल्मलीचं डोकं फिरलं.

"पुरे!" ती ताडकन उठली. "घेतलं मी माझं सगळं. आता तुमचं तुम्ही करा. मी चालले. उद्या येणार नाही. परवा येणार नाही. कधीच येणार नाही."

"बरं," मास्तर म्हणाले.

"बरं? एवढंच? आणि ऐका, आता तुमच्या त्या भिंतीतून सरळ चालत जाते. बघाच. खडूची तर भिंत तुमची!"

"बरं."

तिनं बाकाखालची पिशवी ओढली. ओढणी बाकाला अडकली, ती तिनं हिसकली. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. पाय दणदण आपटत ती घरातून निघाली. प्रज्योतनं स्टूल मागं घेतलं. कॅन्टीनचा खरा दरवाजा समोरच होता, उघडा, त्यातून उन्हाचा पट्टा आत आला होता. मध्ये खडूची एक रेघ होती. बस्स. एक पाऊल.

ती रेघेपाशी आली.

डावीकडे सरकली.

पिशवी काखेत मारली, गुडघा टेकला, खांदा लावून दार वर उचललं, आणि हात उंच करून कडी सरकवली. दार अडलं. तिनं आणखी एक हिसडा दिला. मग पाय उचलून ती उंबरा ओलांडू लागली...

...आणि तशीच राहिली.

समोर फिरदौस होती. अगदी समोर. तिची मूठ थाप मारायला वर गेली होती, ती हवेतच थांबली होती.



शाल्मलीनं आपल्या हाताकडे बघितलं. हात अजून कडीवर होता. तिथं काही नव्हतं. पण तिला तो सोडवेना. सोडला तर दार तिच्या अंगावर येईल असं वाटत होतं.

फिरदौस काही बोलली नाही. तिचं इथलं वाक्य शाल्मलीनं मघाशीच काढून घेतलं होतं.

"हसा की," शाल्मली दातओठ खात म्हणाली. "हसा सगळे."

कुणी हसलं नाही. प्रज्योतसुद्धा नाही.

तिनं मास्तरांकडे बघितलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते रागाचंच होतं, पण आता राग नेमका कुणावर, ते तिला सांगता आलं नसतं.

"मग माझं काय, मास्तर?" ती म्हणाली. आवाज फाटला होता. "हे हिचं. ते त्याचं. मग माझं काय? पप्पांना मी काय दाखवू?"



मास्तरांनी वाकून चपला काढल्या. स्टुलावर एक पाय वर घेतला. मग दुसरा. म्हातारे गुडघे वाजले. ते त्यांनी छातीशी धरले, आणि मान खाली घालून कोरड्या फरशीकडे बघितलं.

...

शाल्मलीच्या पाठीमागं, घरात, कुणीतरी श्वास आत ओढला.

मास्तरांनी मान वर केली नाही.

"दार लाव, बाळ," ते म्हणाले. "पाणी आत येतंय."