जळालेला पूल

एका गावात अनसूया नावाची एक बाई होती. बाजारपेठेत तिचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते. समोरच तिची मैत्रीण कावेरी खाणावळ चालवायची. दुपारी गिऱ्हाईक नसले की दोघी दुकानाच्या पायरीवर बसून 'काजळगडाची कहाणी' वाचत. जादूगार, उडते घोडे आणि शापित राजे यांची ती कादंबरी भागाभागांनी निघत होती आणि तिने साऱ्या गावाला वेड लावले होते. अनसूया मोठ्याने वाचायची, कावेरी ऐकायची. हळूहळू पेठेतले आणखीही काही जण पायरीभोवती जमू लागले.

पाचवा भाग आला. त्यात राणी मृगावती सैन्य घेऊन दरीवरच्या पुलावरून काजळगडावर चालून जाते. वाचता वाचता अनसूयेचा आवाज चढला. ऐकणारे श्वास रोखून बसले. तेवढ्यात कावेरी म्हणाली, "थांब जरा. हा पूल तिसऱ्या भागात जळाला ना? राणीनेच जाळला होता."

कोणीतरी हसले. अनसूयेला ते हसू झोंबले. तिच्या दुकानातल्या हंड्यातच कोणी भोक दाखवावे, तसे तिला वाटले.

"दरीवर दोन पूल असतील," ती म्हणाली.

"मग दुसरा आधी कुठे दिसला नाही तो?"

"जादूने पुन्हा उभा राहिला असेल. एवढं लिहिणाऱ्याला तुझ्याइतकंही कळत नाही का?"

"कळतं गं. पण चुकला असेल माणूस."

"चुकाच काढायच्या असतील तर ऐकायला येऊ नकोस. या गोष्टीवर माझा जीव आहे, तुझा नाही."

 कावेरी उठली आणि खाणावळीत निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

अनसूयेने मात्र पुलाचा विषय सोडला नाही. तिने सगळे भाग पुन्हा चाळले आणि राणीच्या अंगठीत जळालेली वस्तू परत उभी करण्याची शक्ती होती, असे ठरवून टाकले. कोणी शंका काढली की ती त्याच्यावर तुटून पडे. होता होता लोक शंका काढेनासे झाले आणि मग येईनासेच झाले.

पुढे त्या कादंबरीचे लेखक गावातल्या वाचनालयात व्याख्यानाला आले. अनसूया पहिल्या रांगेत बसली होती. व्याख्यान संपताच तिने उभे राहून अंगठीची सगळी हकिकत मांडली आणि विचारले, "तुमच्या मनात हेच होतं ना?"

लेखकांनी शांतपणे ऐकून घेतले. "नाही बाई. पूल जाळला होता हे मी चक्क विसरलो. पुस्तक छापून आल्यावर लक्षात आलं."

"असं कसं? चौथ्या भागात अंगठी आहे की."

"आहे. पण ती नुसती अंगठी आहे." ते जरासे हसले. "माझी चूक झाकायला तुम्ही फार कष्ट घेतलेत. तुमच्या गावात ती आधी कुणाच्या लक्षात आली?"

पेठेतले लोक मागे बसलेले होते. अनसूया काही न बोलता खाली बसली असती तरी चालले असते. पण ती मागे त्यांच्याकडे वळली.

"माझ्या मैत्रिणीच्या," ती म्हणाली. "मी तिला घालवून दिलं."

वाचनालयातून ती तडक खाणावळीत गेली. कावेरी पोळ्या लाटत होती. फळीवर मिठाच्या बरणीशेजारी पाचवा भाग ठेवलेला होता. त्याच्या पानांना पिठाची बोटे लागलेली होती.

"पूल जळालेलाच होता," अनसूया म्हणाली.

"मला माहीत आहे."

"तरी तू पुढे वाचलंस?"

"न वाचून कसं चालेल? राणी दरी ओलांडते तिथे मला दर वेळी रडू येतं. पूल असो नाहीतर नसो."

 अनसूया तिथेच पाटावर टेकली. कावेरीने तिच्यापुढे ताट ठेवले.

"जेव आधी. मग राणीच्या घोड्याबद्दल मला एक शंका आहे."

"आत्ताच सांग," अनसूया म्हणाली.

तात्पर्य: चूक दाखवणाऱ्याचे प्रेम कमी असते असे नाही. आवडती गोष्ट निर्दोष ठरवण्याच्या हट्टापायी, तिच्यावर आपल्याइतकाच जीव लावणारे माणूस दूर लोटू नये.