बोटीवरचं नाव

वसईच्या किनाऱ्यावर बस्त्याव नाखवाची नवी बोट आशीर्वादासाठी उभी होती आणि म्हातारा इनास पेंटर तिच्यावर ‘मरियम माता’ असं नाव रंगवत होता. फादर म्हणाले, "नाखवा, आजपासून शिव्या सोडा. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाहीत."

नाखवा मोठ्याने हसला. "फादर, आईवरून हासडल्याशिवाय जाळं वर येत नाही! शिवी म्हणजे नुसता जोर. ती कुणाला लागत नाही."

त्याच्या बोटीवरचे आठही खलाशी वाळूकडे बघत राहिले.

इनासने ब्रश थांबवला. "एवढा जोर असेल, तर हे नाव पुसून तीच शिवी लिहितो. बोट पळेल."

"माउलीच्या जागी शिवी? जीभ झडेल तुझी!" नाखवा ओरडला.

"या एका आईला चालत नाही," इनास हळूच म्हणाला, "मग या आठ जणांच्या आयांना रोज कशी चालते?"

नाखवाने टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी भर समुद्रात जाळं ओढताना त्याने सवयीने तोंड उघडलं आणि शब्द आले, "ओढा रे, लेकरांनो!"

जाळं वर आलं. नेहमीसारखंच, भरून.