दचक्या सखोबाचं खुराडं

फार वर्षांपूर्वी, शेवरवाडीत जंगल अगदी परसाच्या कुंपणापर्यंत येऊन थांबत असे तेव्हा, तिथे सखोबा नावाचा एक माणूस राहत होता. तो पान पडलं तरी दचकायचा. मांजर आडवं गेलं तर माघारी फिरायचा, आणि मांजर गेलं नाही तर कुठे दडलंय म्हणून थांबायचा. गाव त्याला दचक्या सखोबा म्हणायचं. तो रागावत नसे. आपल्यात काहीतरी कमी आहे हे त्यालाही पटलेलं होतं.

त्या काळी शेवरवाडीत कोंबडी टिकत नसे. लोक रात्री कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली झाकून वर दगड ठेवत. सकाळी दगड एकीकडे, डालगं दुसरीकडे आणि मध्ये चार पिसं. मुंगूस, कोल्हा, रानमांजर, वरून घार. देवानंच जंगलाला वाटा ठरवून दिलाय, असं म्हणून गाव गप्प बसे.

सखोबाच्या शेजारी पारू नावाची विधवा बाई होती. तिचं मीठ, तेल, लुगडं सगळं कोंबड्यांच्या अंड्यांवर चाले. एकदा नदीपलीकडच्या गावाहून निरोप आला की लेकीचे दिवस भरले आहेत, ताबडतोब ये. पारूनं कोंबड्यांचे पाय बांधले आणि त्या सखोबाच्या ओटीवर आणून ठेवल्या.

"वहिनी, माझ्याकडे नको," सखोबा म्हणाला. "आमच्या घरात कधी कोंबडी पाळली नाही. आणि खरं सांगू? मला त्यांच्या चोचीचीसुद्धा भीती वाटते."

"म्हणूनच तुमच्याकडे आणल्या, भावजी. बाकीचे निवांत घोरतात. तुम्ही कडी लावली की नाही हे उठून बघता."

"आणि एखादी गेली तर?"

"तर माझी चूल गेली," पारू म्हणाली आणि नदीच्या वाटेला लागली.

असं म्हणतात, त्या क्षणी सखोबानं जो श्वास आत घेतला तो त्याला बाहेर सोडताच येईना.

पहिल्या रात्री त्यानं गावासारखंच केलं. कोंबड्यांचे पाय सोडले, डालगं झाकलं, वर पाटा ठेवला. उजाडताना बघतो तर डालगं उलटं आणि कोंबड्या फणसावर. सगळ्या होत्या, पण ठिपक्यांच्या कवड्या कोंबडीची शेपटी गेलेली. सखोबा कोयता घेऊन तडक बांबूच्या बेटाकडे गेला.

त्यानं परसात खांब रोवले. कोल्हा खालून उकरेल, म्हणून चारी बाजूंनी कोपरभर चर खणला आणि त्यात दगड नि बोरीच्या काट्या दाबल्या. घार वरून झडप घालील, म्हणून भोयांकडून मासे धरायचं जुनं जाळं आणून वर ताणून बांधलं. मुंगसाला फट पुरेल, म्हणून भिंती कुडाच्या केल्या आणि वरपर्यंत शेणामातीनं लिंपून टाकल्या. वाराही शिरू नये म्हणून जाळ्यावर गवत शाकारलं. दाराला एक कडी लावली, मग दुसरी लावली.

दुपारी गावचा सुतार बंडोपंत बघायला आला. आतल्या कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या.

"सखोबा, कोल्ह्याला कशाला त्रास देतोस?" तो म्हणाला. "त्याचं काम तूच करतोयस की."

सखोबाला घाम फुटला. त्यानं भिंतीचं वरचं लिंपण फोडलं, तिथे बांबूच्या कांबी अशा विणल्या की अंगठा शिरणार नाही पण हवा खेळेल. जाळ्यावरचं अर्धं गवत काढलं, अर्धं सावलीला ठेवलं. कोंबड्या शांत झाल्या. सखोबा झाला नाही. चूक अजून कुठेतरी आहे, असं त्याला वाटतच राहिलं.

मग त्यानं जे केलं ते आजवर कुणी केलं नव्हतं. दिवेलागणीला तो हातापायांवर रांगत खुराड्याभोवती फिरू लागला. मी मुंगूस असतो तर कुठून शिरलो असतो? असं म्हणतात, त्याची भीती इतकी खरी होती की कुडावरच्या त्याच्या सावलीला शेपूट फुटलं. कोंबड्यांनी एकच ओरडा केला. बंडोपंताचं कुत्रं त्याच्या मागे लागलं आणि त्याच्या धोतराचा सोगा घेऊन गेलं. पण तेवढ्यात सखोबाचं नाक उंबऱ्याखालच्या फटीला लागलं होतं. त्यानं तिथे सपाट दगड ठोकून बसवला. मग तो कोल्हा होऊन उकरून आला, घार होऊन फणसावरून बघून आला.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना सारं जंगल आलं. खुराडं सावल्यांनी वेढलेलं सखोबानं बघितलं, आणि कड्यांवर तर त्याचा विश्वास नव्हता. तो आत शिरला आणि दाराला पाठ लावून कोंबड्यांमध्ये बसला. बाहेर उकरणं, खरडणं, हुंगणं. वर जाळं वाकलं आणि परत ताठ झालं. उजाडलं तेव्हा खुराड्याभोवती पावलांनी गोल वाट पडली होती, आणि आत सखोबाच्या मांडीत एक ऊन अंडं होतं.

पारू परत आली ती आधी खुराड्यात डोकावली.

"भावजी, हिची शेपटी?"

"तेवढी गेली, वहिनी. मी गावासारखं केलं तेव्हा."

"येईल परत," पारू म्हणाली. "लेक सुखरूप आहे. मुलगी झाली."

तेव्हा कुठे सखोबानं तो श्वास सोडला. असं म्हणतात, त्यानं फणसाची पानं हलली, जात्यावरचं पीठ उडालं आणि बंडोपंताचं कुत्रं निमूट कोपऱ्यात जाऊन बसलं.

शेवरवाडीत अजूनही कुणी नवं खुराडं बांधलं की त्यात आधी कोंबड्या सोडत नाहीत. गावातल्या सगळ्यात काळजीखोर माणसाला मानानं बोलावतात. तो रांगत, हुंगत, उकरत खुराड्याभोवती फिरतो आणि त्याला हसायचं नाही असा रिवाज आहे. फट सापडली तर ती बुजवून पुन्हा फिरतो. शेवटी तो उठून गुडघे झटकतो आणि म्हणतो, "नाही शिरता येत." मग जमलेले सगळे एकदम श्वास सोडतात. त्याला सखोबाचा श्वास म्हणतात. तो नदीपलीकडे वाऱ्यासारखा ऐकू जातो, आणि तिकडच्या बाया हातातलं काम न थांबवता म्हणतात, शेवरवाडीत कुणाच्या तरी कोंबड्या घरी आल्या.