नऊ पावलांचे यमक

नद्यांवर पूल नव्हते, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका गावातून पलीकडे जायला एकच वाट होती, तीही नदीच्या पाण्याखालून. दर पुरानंतर ती बदले. मग म्हातारा कोळी काठीने तळ चाचपून नवी वाट शोधी, गावचा कवी तिचे गाणे करी आणि लोक ते म्हणतच नदी उतरत.

त्या वर्षी कोळी कवीला म्हणाला, "काळ्या खडकापासून नऊ पावलं, मग उजवीकडं वळायचं. नऊच बरं का! पुढं डोह आहे."

कवी जुळवायला बसला.

'खडकापुढे वाळू मऊ, सरळ टाका पावले नऊ.'

ओळी झाल्या, पण त्याचेच तोंड वाकडे झाले. नऊला मऊ! हे तर गुराखीही जुळवतील. दोन दिवस डोके खाजवल्यावर त्याला सुचले :

'काळ्या खडकाचा घ्यावा थारा, सरळ टाका पावले बारा.'

वा! काय ठेका! बारा खटकत होते, नाही असे नाही. पण आधी चावडीवर म्हणू, मग बदलू, अशी त्याने मनाची समजूत घातली.

चावडीवर वाहवा झाली. कोळी तेवढा तापाने अंथरुणाला खिळला होता. संध्याकाळपर्यंत गाणे पोरासोरांच्या तोंडी झाले. आता चूक कबूल करायची म्हणजे हसे व्हायचे. कवी गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची माहेरी आलेली लेक सासरी निघाली. काठावर तिला हळूच सांगू, असे त्याने ठरवले. पण ती मैत्रिणींबरोबर पुढे गेली होती. तो पोचला तेव्हा ती खडकापाशी पाण्यात उभी होती.

"बाबा, नव्या गाण्याचा पहिला मान माझा!" ती हसून ओरडली आणि चालू लागली.

"नऊ! पोरी, नऊच!" कवीने जिवाच्या आकांताने हाक मारली. पण सारा काठ त्याचेच गाणे गात होता. त्या गजरात ती हाक कुणालाच ऐकू आली नाही.

लेक दिसेनाशी झाली, तरी काठावरची मंडळी क्षणभर गातच होती.

गाणे ऐकून कोळी तापातच उठून काठी टेकत आला. "मी नऊ सांगितलं होतं ना रे?"

"नऊ जुळत नव्हतं," कवी म्हणाला. आणि तेही खोटेच होते.

तात्पर्य : शब्द सजवण्यासाठी जो सत्य मोडतो, त्याची शिक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याला भोगावी लागते.