देखणी लिफ्ट

अवजारं आपसांत बोलायची, त्या काळची गोष्ट. जयवंतराव कुडाळकरांनी घरच्या गॅरेजसाठी दुरुस्तीसाठी गाडी वर उचलून धरणारी एक लिफ्ट दिसायला देखणी म्हणून निवडून आणली. तिच्यावर ते दोनशे किलोची मोटरसायकल चढवू लागले, तसा फळीवरचा जुना जॅक भडकला.

"अगं, तू दीडशेच किलो पेलणारी! जागची हलू नकोस!"

"पहिल्याच दिवशी अडून बसले तर मला परत पाठवतील," लिफ्ट पुटपुटली आणि गाडी घेऊन वर गेली.

जयवंतराव गाडीखाली वाकणार, तोच जॅकनं संतापून स्वतःला फळीवरून खाली झोकून दिलं. त्या आवाजानं दचकून ते मागे सरले. दुसऱ्याच क्षणी लिफ्टचे पाय मुडपले आणि गाडी धाडकन कोसळली.

"चुकलं माझं," लिफ्ट रडू लागली.

"अडून बसायची लाज वाटली," जॅक गरजला, "आणि माणूस चिरडायची नाही वाटली?"