पलीकडे बांधलेली बोट

"त्याला नेलं कुणी, बाबा? नुसतं नाव सांगा."

केवळबाबा अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिनकर नरोटी ठाण्यात असा प्रश्न विचारायचा तेव्हा समोरचा माणूस आधी घाम पुसायचा, मग बोलायचा. इथं मात्र तो स्वतःच शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला होता. लहानपणी पाढे म्हणायला बसायचा तसा.

केवळबाबा म्हणजे काही गादीवरचे महाराज नव्हते. जंगलातल्या या गावी ते पुष्कळ वर्षांपूर्वी आले आणि नदीकाठी झोपडी बांधून राहिले. शाळामास्तर सणासुदीलाच उगवायचा, त्या काळात गावातल्या पोरांना त्यांनी अक्षरं शिकवली. दिनकर त्यांचा हुशार चेला. दिनकरचा धाकटा भाऊ लालसू हा उनाड चेला. बाबांचा जीव कोणावर जास्त होता, हे सांगायला नको.

हुशार चेला पोलिसात गेला आणि साहेब झाला.

उनाड चेला आता जंगलात होता. दादालोकांच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या दलममध्ये, खांद्यावर बंदूक घेऊन.

"बाबा, उद्या पहाटे मोहीम आहे," दिनकर म्हणाला.

दोर वळणारे हात थांबले.

"माझीच तुकडी आत जाणार."



मग त्यानं मन मोकळं केलं. लालसूला फूस लावणारा माणूस याच भागातला असणार, तो सापडला तर त्याच्या तोंडून आजच्या आज लालसूला निरोप धाडता येईल, असं त्याचं गणित होतं. शरण आला तर सरकार घर देतं, काम देतं, मागचं विसरतं. वरिष्ठांशी त्यानं बोलूनही ठेवलं होतं. अडलं होतं ते एका नावापाशी. नाव मिळालं की निम्मं काम झालं, असा त्याचा आजवरचा अनुभव होता, आणि त्या अनुभवाचा त्याला थोडा ताठाही होता.

एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. लालसूला झोपेत भावाच्या अंगावर पाय टाकायची खोड होती. तेव्हा दिनकर वैतागून तो ढकलून द्यायचा. आता क्वार्टरमधल्या रुंद पलंगावर तो एकटा झोपायचा, आणि मध्येच जाग आली की अंगावर पाय नाही म्हणून त्याला रडू यायचं. साहेबानं असलं कुणाला सांगायचं?

सकाळी तो आईला भेटून आला होता. तिनं पाणी दिलं, जेवलास का म्हणून विचारलं. लालसूचं नाव तिनंही काढलं नाही आणि यानंही नाही.

"नाव सांगतो," बाबा एकदम म्हणाले.

दिनकर सावरून बसला.

"पन इथं नाही. पलीकडं तुह्या ठाण्यात ने मले, तिथं सांगतो."

दिनकरला हायसं वाटलं. म्हातारा घाबरत असेल, इथं भिंतींनाही कान आहेत, असं त्यानं मनाशी म्हटलं. तो लगेच उठला.

"बोटीले हाक मार," बाबा म्हणाले.

गाव नदीच्या अलीकडे. रस्ता, दवाखाना आणि ठाणं पलीकडे. पावसाळ्यात नदी आतासारखी फुगली की गाव जगापासून तुटायचं. पुलाचे खांब तेवढे पात्रात उभे होते आणि त्यांचा उपयोग बगळ्यांना होता. पुरासाठी म्हणून एक सरकारी बोट पलीकडच्या काठाला असायची. सकाळी दिनकर तिच्यातूनच आला होता. बाबांच्या झोपडीत हत्यार आणि वायरलेस घेऊन कुणी शिरत नाही, म्हणून तो साध्या कपड्यांत, मोकळ्या हातांनी आला आणि बोट त्यानं परत पाठवली. हाक मारली की या, असं बोटीवरच्या सिडामला बजावून.

तो काठावरच्या खडकावर चढला.

"सिडाम! बोट आणा!"

हुकमाचा आवाज होता. नदीनं तो मधल्या मध्ये गिळला.

पलीकडे बोट स्वच्छ दिसत होती, दोरीला हेलकावे खात. शेजारी पत्र्याची शेड होती. सिडाम आत असेल, नाहीतर जेवायला गेला असेल.

दिनकरनं पुन्हा हाक मारली. मग तोंडाशी हातांची ओंजळ धरून मारली. मग हुकूम बाजूला ठेवून, गावची माणसं मारतात तशी लांबलचक मारली. पलीकडच्या काठानं एक माणूस डोक्यावर भारा घेऊन चालला होता. थांबून त्यानं इकडे पाहिलं आणि तो आपल्या वाटेनं गेला. त्याचं तरी काय चुकलं? इथं कोण कुणाला हाका मारतंय हे न ऐकलेलंच बरं, एवढं शहाणपण त्या भागातल्या तान्ह्या पोरालाही होतं.

ऊन कलायला लागलं. दिनकरचा घसा बसला.

आधी त्याला सिडामचा राग आला. मग लाज वाटली. आणि मग, का कोण जाणे, भीती वाटली. बोट आपली, माणूस आपला, आणि तरी आपण इथं अडकलेले...

"कुणी तरी या रे," असं त्याच्या तोंडून निघून गेलं. हळूच. ते पलीकडे पोचण्यातलं नव्हतंच.

मागून बाबा काठी टेकत आले आणि खडकावर बसले.

"इथंच उभा होता तो," ते म्हणाले.

"कोण?"

"लालसू."

दिनकर वळला.

"मागच्या पावसाळ्यात. तुह्या मायले ताप आला होता. डोक्यात चढला होता. खाटेवर टाकून आनलं तिले इथवर. अन् पोरगं हाका मारत होतं... सकायपासून."

"आईला? मला तर गावात म्हणाले, पुजाऱ्याच्या पूजेनं ताप उतरला..."

"तुले घोर नको म्हनून तसं सांगितलं."

"मला कळवलं का नाही?"

"कायच्यावर कळवतं? टॉवर उभा होत होता, तो दादालोकायनं जाळला. पूल उभा होत होता, तो तुम्ही विसरले."

नदी वाहत होती.

"बोट कुठं होती, बाबा?"

"आता हाय तिथंच."

दिनकर त्यांच्या शेजारी खाली बसला.

पुढचं बाबांनी थोडक्यात सांगितलं. तिन्हीसांजेला लालसूचा आवाज बसला. पलीकडून कोणी आलं नाही. मागून, जंगलातून आले ते दादालोक. त्यांच्यातल्या एका पोरीजवळ औषध होतं. तिनं सुई टोचली आणि रात्रभर ती म्हातारीच्या उशाशी बसली. सकाळी म्हातारीनं डोळे उघडले.

"देवमाणसं म्हणायची की काय त्यांना?" दिनकरचा आवाज चिरकला. "त्यांनीच पाटलाला खबऱ्या ठरवून मारलं. गावासमोर."

"हाव. मारलं."

"मग?"

"मंग काय... फुकट नाही दिलं त्यायनं काही. महिन्यानं आले अन् घरातलं एक पोरगं मागितलं. तुही माय पाया पडली त्यायच्या. लालसू उठला अन् गेला."

ज्या माणसाला पकडायला दिनकर निघाला होता, तो माणूस त्याला दिसेना. दिसत होता तो लालसू, याच खडकावर, तोंडाशी ओंजळ धरून. आणि त्या दिवशी आपण कुठं होतो तेही त्याला आठवलं. मुख्यालयात सुरक्षेवरचं व्याख्यान होतं. व्याख्यान चांगलं झालं होतं. यानं टाळ्याही वाजवल्या होत्या.

नावाचं त्यानं पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात पलीकडे शेडमधून कोणीतरी बाहेर आलं. सिडामच असावा. त्यानं आळस दिला, आभाळाकडे पाहिलं आणि तो पुन्हा आत गेला.

दिनकरनं हाक मारली नाही.

"बाबा..." तो म्हणाला. आता त्याच्यातला साहेब उरला नव्हता. "उद्या आत शिरल्यावर गोळी न झाडता मी त्याला नुसती हाक मारली... त्याच्या नावानं... तर येईल तो?"

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही ते उनाड पोर हवंच होतं.

"येईल का नाही, मले नाही माहीत, पोरा," ते म्हणाले. "पहिले त्याच्या हाकेले ओ तं दे."