टिटवीची हरकत

बालमित्रांनो, एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडी संपून माळ लागतो, तिथे एक टिटवी राहत असे. त्या माळावर पूर्वी मोहाचे एक अवाढव्य झाड होते. ते वादळात आडवे झाले आणि तेव्हापासून तिथे कुणीच काही केले नाही, म्हणून सगळे त्या जागेला ‘मोकळी जागा’ म्हणत. पण ती अगदीच मोकळी नव्हती. मधल्या खडकाळ उंचवट्यावर टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवी काही घरटे विणत बसत नाही. ती खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते आणि कुणी जवळ आले की पंख मोडल्याचे सोंग करून त्याला भलतीकडे नेते. या लपवाछपवीवर तिने आजवर बरीच पिल्ले वाढवली होती, त्यामुळे आपल्याइतके शहाणे माळावर कुणी नाही, अशी तिची समजूत होती.

त्या उन्हाळ्यात वाळवीच्या कुळाने मोकळ्या जागेवर वारूळ बांधायचे ठरवले. जंगलाच्या रिवाजाप्रमाणे सभा भरली. रिवाज असा, की बांधणाऱ्याने मातीचा छोटा नमुना करून मधे ठेवायचा, ज्याची हरकत असेल त्याने एक खडा टाकायचा आणि कारण सांगायचे. कारणाशिवाय खडा धरला जात नसे. कारण दूर झाले की ज्याने खडा टाकला त्यानेच तो उचलायचा. सर्व खडे उचलले गेले की काम सुरू. म्हाताऱ्या वाळवीने नमुना ठेवला. ठेंगणे, पसरट वारूळ; जागा पश्चिमेच्या टोकाला, पडलेल्या खोडाजवळ.

“हे तर पालथं घातलेलं टोपलं,” मोर म्हणाला. “माझ्या नाचाच्या जागेसमोर असलं ध्यान नको.” त्याने खडा टाकला. “माझं अर्धं गवत याच्याखाली जाईल,” म्हणत सशाने टाकला. वानरानेही खडा टाकला, पण त्याची तक्रार वेगळीच होती. “इतकं बुटकं बांधायचं तर बांधायचंच कशाला? वर चढून काही दिसायला तरी हवं.” कोल्हा मात्र एका बाजूला बसून सगळ्यांकडे बघत होता. “मला काय, मला सगळंच आवडतं,” तो म्हणाला.

वारूळ अंड्यांपासून चांगले वीस पावलांवर होते, पण वाळवीची रांग माती आणायला उंचवट्यावरून जाईल, ही टिटवीची धास्ती. ते बोलून दाखवायचे तर अंडी कुठे आहेत ते सांगावे लागणार, आणि समोर कोल्हा बसलेला. तिने क्षणभर विचार केला आणि खडा टाकला. “पश्चिमेचा वारा अडेल,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात सगळ्या माळाचा जीव गुदमरेल.” सभेत कुजबुज झाली. एवढा दूरवरचा विचार दुसऱ्या कुणाला सुचला नव्हता. सांबर सभेचा प्रमुख होता, त्याने मान डोलावली. टिटवी मनातून खूश झाली. अंड्यांचे नावही न घेता काम फत्ते.

म्हातारी वाळवी मात्र कामाला पक्की होती. हरकत आली की चिडायचे नाही, ती दूर करायची, एवढेच तिला ठाऊक. आठ दिवसांनी ती नवा नमुना घेऊन आली. वारूळ आता उंच, सडपातळ आणि वर निमुळते झाले होते. सांबराच्या शिंगांच्याही वर जाईल असे. बुडाशी जागा कमी लागणार होती, म्हणून सशाचे गवत वाचले. वानराला उंची मिळाली. मोराने नमुन्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. “शेवग्याची शेंग रोवल्यासारखं दिसतंय,” तो म्हणाला, “पण टोपल्यापेक्षा बरं.” तिघांनी आपापले खडे उचलले.

“आणि टिटवीताई, तुमच्या वाऱ्याचं आम्ही फार मनावर घेतलं,” म्हातारी वाळवी म्हणाली. “पश्चिमेचं टोक सोडून दिलं. आता वारूळ बरोबर मधे, त्या खडकाळ उंचवट्यावर. दोन्ही बाजूंनी वारा मोकळा वाहील. तिथे कुणाचं काही नाही, आम्ही बघून आलो.”

“उंच... फार उंच होतंय,” टिटवी कशीबशी म्हणाली. वानर हसले. “मागच्या खेपेला वारा अडेल म्हणालीस, आता उंच. तुला बांधूच द्यायचं नाही, असं सरळ सांग ना.” सांबराने समजावले, “टिटवीताई, तुझी हरकत वाऱ्याची होती. ती दूर झाली. खडा उचल.” टिटवीने एकदा कोल्ह्याकडे पाहिले. मग मान खाली घालून तिने आपला खडा चोचीत उचलला आणि बाजूला नेऊन ठेवला.

सभा पांगल्यावर ती म्हाताऱ्या वाळवीकडे गेली आणि तिच्या कानाशी लागून सगळे खरे सांगून टाकले. वाळवी म्हणाली, “अगं, आम्ही लाकूड खाणारी जात. तुझ्या अंड्यांशी आम्हाला काय करायचंय? पहिल्या सभेआधी हेच कानात सांगितलं असतंस, तर आमची रांग पलीकडून वळवली असती. एवढंसं काम होतं.”

“मग आता बदला.”

“आता जागा सभेने ठरवलीय. बदलायची तर पुन्हा सभा, आणि सभेत कारण सांगावं लागणार. सगळ्यांसमोर.”

टिटवीने विचारले, “निदान थांबाल का? पिल्लं बाहेर यायला अजून नऊ दिवस लागतील.”

“पावसाच्या आत छप्पर झालं नाही तर माझी पिल्लं भिजून मरतील,” वाळवी म्हणाली. “चार दिवस थांबते. त्याहून जास्त मला जमायचं नाही.”

ते चार दिवस टिटवी अंड्यांवरून हलली नाही. पाणी प्यायलासुद्धा गेली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ओल्या मातीची पहिली रांग उंचवट्याशी आली, तेव्हा अंडी अजून उबतच होती. वाळवीने आपली रांग सूर्य वर येईपर्यंत थांबवून धरली. मग अंडी तिथेच सोडून टिटवी उठली. तिला फार रडू आले, पण कोल्हा माळावर होता, म्हणून ती रडलीसुद्धा नाही.

वारूळ पावसाच्या आत पुरे झाले. सगळे बघायला जमले. मोराला ते आता आपलेच वाटू लागले होते. वानर टोकावर जाऊन बसले आणि नदीपर्यंतचे दिसते म्हणून सांगू लागले. सांबर म्हणाला, “याचं श्रेय खरं तर टिटवीताईचं. तिने वाऱ्याचं काढलं नसतं, तर ते टोपलंच आपल्या नशिबी होतं.” सगळ्यांनी वळून टिटवीकडे पाहिले. कोल्ह्यानेही मान लववली.

“हो,” टिटवी म्हणाली. “वारा छान येतो.”

तात्पर्य : खरी अडचण लपवून भलतीच हरकत घेतली, तर निवारण त्या भलत्या हरकतीचेच होते.